फिरतं घर आणि रानातली रात्र

नणंदेची मुलगी अमेरिकेत असते. तिचा फोन आला की एक तरी नवल कळतं. मागे एकदा म्हणाली, "मामी, आमच्या ओळखीच्या एका काकूंनी घर विकलं, मोठी गाडी घेतली आणि नवरा-बायको आता त्या गाडीतच राहतात." मला आधी वाटलं, बिचाऱ्यांवर काय वेळ आली! पण तसं नव्हतं. गाडी म्हणजे मोटरहोम. आत ओटा, पलंग, मोरी, सगळं. हिवाळ्यात थंडी चुकवायला दक्षिणेकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे. आणि मुक्काम कुठे, तर वन्यप्राण्यांच्या अभयारण्याच्या आवारात.

तिकडे ही रीतच आहे म्हणे. आठवड्याला साधारण वीस-तीस तास अभयारण्याचं काम करायचं, त्या बदल्यात गाडी लावायला जागा, पाणी आणि वीज फुकट. काम काहीही. पक्षी मोजा, कुंपण दुरुस्त करा, येणाऱ्या पोराबाळांना माहिती सांगा, संडाससुद्धा धुवा. असं करणारी बहुतेक मंडळी नोकरीतून निवृत्त झालेली. तिथलं पहिलं सरकारी अभयारण्य १९०३ साली फ्लोरिडातल्या पेलिकन बेटावर झालं. कारण ऐकाल तर गंमत वाटेल. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर खोवायला पिसं लागत आणि त्यासाठी पक्ष्यांची सरसकट शिकार चालायची. आज तिथे अशी ५७० हून जास्त अभयारण्यं आहेत.

आता तुमच्या मनात आलं तेच माझ्याही आलं. या काकूंच्या दुधाचं, गिरणीचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कोण बघतं? आणि सगळेच काही हौसेनं गाडीत राहत नाहीत. २००८ च्या मंदीनंतर घराचा खर्च झेपेना म्हणून गाडीत राहायला गेलेली किती तरी वयस्कर माणसं तिकडे आहेत. त्यांच्यावरच्या 'नोमॅडलँड' सिनेमाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. त्यातली बाई विधवा आहे आणि मिळेल ते हंगामी काम करत गावोगाव फिरते.

तसं फिरतं घर आपल्याला कुठे नवीन आहे? आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे. चूल, लेकरंबाळं सगळं सोबत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पुढे इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि एकेक करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावाबाहेर पालं पडली की दाराला कडी घालायची आपली सवय काही गेली नाही. अमेरिकेतल्या काकू फिरल्या तर हौस आणि आपल्याकडची पारधीण फिरली तर संशय, हे मला पटत नाही. याच फासेपारधी समाजाला सोबत घेऊन कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेनं अकोला-वाशीम भागात तणमोरासाठी काम उभं केलंय. तणमोर म्हणजे गवताळ रानातला लाजाळू पक्षी. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून उंच उडी मारून मादीला बोलावतो. तो कुठे आणि कधी दिसेल हे ज्यांचे बापजादे शिकार करायचे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

आपल्या सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं. पण आपल्यासारखीला मोटरहोम परवडायचं नाही आणि घर विकायचा विषय काढला तर घरचेच आपल्याला डॉक्टरकडे नेतील. मग मी सोपा रस्ता धरला. वर्षातून एक रात्र.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला वनविभाग आपल्या जंगलांमध्ये पाणवठ्यावर प्राणी मोजायला सामान्य माणसांनाही बसवतो. वैशाखात नाले आटलेले असतात. जनावरांना ठरलेल्या पाण्यावर यावंच लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात ती बॅटरीशिवाय दिसतात. वाघ-बिबट्यांची खरी मोजणी आता कॅमेरे लावून होते, म्हणून या रात्रीला अलीकडे 'निसर्गानुभव' म्हणतात. नाव काहीही द्या, आपल्या हातात कागद असतो आणि त्यावर लिहायचं असतं.

मी अकोला-वाशीमच्या हद्दीवरच्या काटेपूर्णा अभयारण्यात गेले. १९८८ साली झालेलं हे अभयारण्य चौशिंग्यासाठी प्रसिद्ध आहे. नाव नोंदवायला गेले तर एका कर्मचाऱ्यानं विचारलं, "सोबत मिस्टर नाहीत का?" म्हटलं, "ते घरी आईंचं औषधपाणी बघणार आहेत." सासूबाईंचं वेगळंच. "रातभर झाडावर? काहून वं, घरात जागा नाही काय?"

जायचं असेल तर सांगते. मातकट किंवा हिरवे कपडे घाला. अत्तर, पावडर, गजरा नको. बांगड्या काढून ठेवा किंवा रुमालानं बांधा. दशम्या-चटणी न्या, कुरकुर वाजणारी पाकिटं नकोत. आणि मचाणावर चढायच्या आधीच 'जाऊन' या, कारण पुन्हा लवकर उतरता येत नाही. हे कोणी बाईला आधी सांगत नाही!

माझ्यासोबत एक तरुण वनरक्षक मुलगी होती. संध्याकाळी मोर आले, मग वानरं. अंधारल्यावर रानडुकरं पिलांची रांग लावून आली. कागदावर वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू असे रकाने. नऊ वाजता रोही आले. दोनच्या सुमारास खुळखुळ आवाज झाला. मी दचकले. ती हळूच म्हणाली, "सायाळ आहे, काटे वाजतात." बिबट्या काही आला नाही. पण इतके तास कोणी मला 'चहा कर' म्हटलं नाही, हेही लिहायला एखादा रकाना हवा होता. त्या मुलीनं सांगितलं, ती रोज रानात पायी फिरते आणि आठवडाभर लेकराला आईकडे ठेवते. स्वयंसेवक एक रात्र जागतो. ही बाई वर्षभर जागते.

घरी आल्यावर मी फुशारकीनं धाकट्या जाऊबाईला सगळं सांगितलं. तिचं शेत कारंज्याकडे आहे. तिथलं कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली काळविटांसाठी झालं, अवघं अठरा चौरस किलोमीटर. काळविटाला हद्द काय कळणार? सोयाबीन वितभर झालं की कळप रात्री शेतात. शेंडे गेले की हंगाम गेला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही जनावर मोजाले जागता, आम्ही हाकलाले जागतो. रात तं दोघींचीही जाते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेव्हापासून आमच्या बचत गटात एक काम वाढलं. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी लगेच अर्ज करावा लागतो, मग वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसं पंचनामा करतात. उशीर झाला की गेलं. आम्ही अर्ज भरून देतो, शेतातल्या नुकसानीचे फोटो काढून ठेवायला सांगतो. खरी अडचण पुढेच आहे. शेतात जागते बाई, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. तो परगावी असला की अर्ज तसाच पडून राहतो. म्हणून लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून घ्या, असं आम्ही आता घरोघरी सांगत फिरतो. एखाद्या घरी चहा मिळतो, बहुतेक घरी नाही.

येत्या बुद्धपौर्णिमेला गटातल्या चौघींची नावं द्यायचं ठरलंय. त्यात जाऊबाईही आहे. मी विचारलं, "तू कशाला गं?" तर म्हणाली, "एक रात त्याईले न हाकलता पाहून तं घेतो."