डब्यावरील शब्द आणि ताटातील अन्न

‘डाएट’ हा शब्द आता आपल्या घरांत इतका रुळला आहे की, एखादी मुलगी रात्रीचे जेवण टाळू लागली म्हणजे घरची माणसे सहज सांगतात, ‘तिचे डाएट चालू आहे.’ ज्या ग्रीक शब्दापासून तो आला त्या ‘दिआइता’चा अर्थ मात्र जीवनक्रम, राहणीची रीत असा होता, उपासमारीशी त्याचा संबंध नव्हता. आपल्या मराठीतील ‘पथ्य’ हा शब्दही त्याच जातीचा. जे पथाला, वाटेला धरून असते ते पथ्य. रोजच्या चालण्याची ही गोष्ट चार दिवसांच्या हट्टाची केव्हा झाली, ते सांगणे कठीण. असो. शब्दांची ही उकल आम्ही केवळ हौसेखातर आरंभिलेली नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर, दुकानातील डब्यांवर आणि जाहिरातींत असले शब्द नित्य भेटतात, व त्यांचा अर्थ नीट न कळल्यामुळे गरिबाचा पैसा जातो, आणि क्वचित प्रकृतीही जाते.

कॅलरी हा त्यांपैकी सर्वांत परिचित, व म्हणूनच सर्वांत कमी समजलेला शब्द. लॅटिनमध्ये ‘कालोर’ म्हणजे उष्णता. मराठीत यास उष्मांक असा सुबोध प्रतिशब्द आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी आहारशास्त्रातील एक कॅलरी. हिलाच डब्यावर ‘किलोकॅलरी’ म्हणतात. तो शब्द पाहून ही हजारपट मोठी वस्तू असावी, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने पुष्कळ खटपट करून जे आकडे बसविले, ते आजही चालतात: पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमापासून सुमारे ४ उष्मांक, आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमापासून ९. भाजीला फोडणी देताना तेलाची धार जरा सैल सुटली, तर जो एक मोठा चमचा जास्त पडतो, त्यात सुमारे १४ ग्रॅम तेल, म्हणजे सव्वाशे उष्मांक असतात. गृहिणी एक पोळी कमी खाऊन जे वाचविते, ते कढईत परत येते ते असे. मद्याच्या एका ग्रॅमात ७ उष्मांक असतात, व त्यांच्या जोडीला पोषण असे काहीच येत नाही. यावर आम्ही अधिक बोललो तर वाचक यास प्रवचन म्हणतील.

आता साखरेविषयी. येथे आम्हांस थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या पाहण्यातील सर्वांत अधिक घोटाळा याच ठिकाणी होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ कित्येक वर्षे मधुमेहाने पीडित आहेत. पायांच्या बोटांना बधिरता आलेली, त्यामुळे सून त्यांना अनवाणी फिरू देत नाही. आम्ही भेटीस गेलो असता त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, ‘घ्या ना फादर, ह्यात साखर नाहीच. मी चहाबरोबर चार-पाच तरी खातो.’ डब्यावर ‘शुगर फ्री’ असे ठळक छापले होते, आणि ते खोटे नव्हते. आपल्याकडील नियमाप्रमाणे १०० ग्रॅम घन पदार्थात अर्ध्या ग्रॅमाहून अधिक साखर नसेल, तर तसे छापता येते. परंतु त्याच डब्याच्या मागील बाजूस घटकांच्या यादीत पहिला शब्द होता मैदा.

मैदा हा पिष्टमय पदार्थ, शास्त्रीय नावाने कर्बोदक. कर्ब आणि उदक यांचा हा जोडशब्द मूळ इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर आहे. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. तोंडातील लाळेपासूनच ती तुटू लागते, व लहान आतड्यात तिचे ग्लुकोज होऊन रक्तात जाते. म्हणून भाकरीचा घास पुष्कळ वेळ चघळला तर तो गोड लागतो. जिभेला साखर लागली नाही म्हणून रक्तातही ती जाणार नाही, असे मुळीच नाही. सुनेने दुसऱ्या दिवशी बिस्किटे खाण्यापूर्वी व खाल्ल्यानंतर दोन तासांनी घरातील यंत्रावर रक्त तपासले, आणि तो डबा कपाटातून नाहीसा झाला. ‘साखर घातलेली नाही’ हे शब्द तर आणखी निराळे: पदार्थात मुळातच जी साखर असते, ती तेथे असतेच. फळांच्या रसाच्या पुड्यावर हे वाक्य दिसले, तर मधुमेही माणसाने तेवढ्यावर विसंबू नये.

याच संदर्भात डॉक्टर ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ असा शब्द वापरतात. टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स व त्यांचे सहकारी यांनी तो १९८१ मध्ये मांडला. शुद्ध ग्लुकोजने रक्तशर्करा जेवढी चढते तिला १०० मानून इतर पदार्थांची तुलना करावयाची, एवढाच त्याचा अर्थ. पांढरा पाव या मापावर वर असतो. हरभरा पुष्कळ खाली असतो. हा भेद होण्याचे एक कारण म्हणजे तंतुमय भाग, अर्थात आपल्या आजीचा कोंडा, जो चाळून टाकण्यात एके काळी श्रीमंती मानली जाई.

कोंडा टाकल्याने केवढा अनर्थ होतो, हे जगाला प्रथम कळले ते बेरीबेरी या रोगामुळे. जावा बेटात १८९० च्या सुमारास क्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने पाहिले की, सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासकट तांदूळ दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. पुढे १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा अज्ञात द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिले. ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. आमच्या मते मराठीतील ‘जीवनसत्त्व’ हा शब्द मूळ शब्दाहूनही सरस उतरला आहे. गोव्यातील वाचकांनी येथे आपल्या पेजेच्या वाटीकडे अभिमानाने पाहावे. भात सालीसकट उकडून मग सडला म्हणजे कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो, व सडल्यावरही टिकतो. उकड्या तांदळाला गरिबांचा तांदूळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसते. याच बेरीबेरीच्या शोधासाठी १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे जे लहानसे काम सुरू केले, त्यातून वाढलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

प्रथिन हा शब्द उच्चारला की हल्ली चूर्णाचा डबा डोळ्यांपुढे येतो. ग्रीक ‘प्रोतेइओस’ म्हणजे अग्रस्थानी असलेला. मराठी शब्दातही ‘प्रथम’चा भास होतो. शरीराची झीज भरून काढणारे हे द्रव्य अग्रस्थानी आहे खरे. परंतु ते किती लागते, याचा हिशेब कोणी करीत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दिलेले प्रमाण वजनाच्या दर किलोमागे दिवसास ०.८३ ग्रॅम असे आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे साडेएकेचाळीस ग्रॅम पुरतात. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारी-गव्हाचे पीठ पोटात गेले तर त्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ११, पाव लिटर दुधातून ८. हिशेब पुरा झाला, आणि अंडे किंवा मासळी अजून ताटात यावयाची आहे. धान्यात लायसीन नावाचा घटक कमी असतो, डाळीत मेथिओनीन कमी असते. पिठले-भाकरी किंवा वरण-भात एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्या परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांतही प्रथिनांची चूर्णे घेऊन शरीर कमावण्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याची, फार वृद्ध माणसाची किंवा आजारातून उठलेल्याची गोष्ट निराळी. तेथे डॉक्टर सांगतील तसे करावे.

मुलांच्या दुधात घालण्याच्या पुडीविषयीही तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात त्या नावाचा वर्गच नाही. ज्या आईने महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून तो डबा आणला, तिच्यापर्यंत ही बातमी पोचली असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

त्याच आईचे रक्त मात्र बहुधा कोणी तपासलेले नसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ‘हिमोग्लोबिन’ म्हणजे रक्ताला लाल रंग देणारे व प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. त्यास लोह लागते. पालेभाजी, कडधान्ये व नाचणी यांतील लोह शरीर सहजी उचलत नाही. त्यावर लिंबू पिळले तर ते अधिक उचलले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले खाऊन वर कपभर चहा घेणाऱ्या सुनेच्या थकव्यास आळस म्हणणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानात घ्यावे.

कोलेस्टेरॉल या शब्दाची भीती आहे, समज नाही. हा मेणासारखा पदार्थ आपले यकृत स्वतःच तयार करते व शरीरास तो हवाही असतो. वनस्पतीजन्य तेलात तो नाममात्रच असतो. म्हणून तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापणे म्हणजे तांदळाच्या पोत्यावर ‘काटे नाहीत’ असे लिहिण्यासारखे आहे. खरा घातक प्रकार म्हणजे ट्रान्स फॅट; तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून वनस्पती तूप गोठविताना तो निर्माण होई. जानेवारी २०२२ पासून तेल व तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. परंतु तेच तेल पुनःपुन्हा कडकडीत तापवून तळण केले तर तो घरातही थोडाफार होतो.

मिठाचा मजकूर लेबलावर ‘सोडियम’ या नावाने लपलेला असतो. त्या आकड्याला अडीचने गुणिले म्हणजे मीठ किती ते निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसास ५ ग्रॅमांच्या आत राहावे, म्हणजे सपाट लहान चमचाभर, व त्यात पापड-लोणचे आले. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. साखर तेथे डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा निरनिराळ्या नावांनी विखुरलेली आढळते, त्यामुळे यादीत ती खाली उतरल्यासारखी वाटते. उष्मांकांचा आकडा १०० ग्रॅमांचा आहे की दोन बिस्किटांचा, हेही पाहावे. आणि ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव व गुण उत्तम राहतील, एवढेच. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख उलटली, तर मात्र तो पदार्थ टाकून द्यावयाचा, मग तो कितीही महागाचा असो.