फुंकरीने घडणारा पेला

लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभारला. स्वदेशीच्या त्या काळात काच फुंकण्याची कला आपल्याकडे रुजविण्याचा हा मोलाचा प्रयत्न होता.

वाळू, सोडा व चुना भट्टीतील मुशीत वितळला, की कारागीर लोखंडी फुंकनळीच्या टोकावर मधासारखा दाट काचरस गुंडाळून घेतो. नळी सतत फिरवीत तो फुंकर घालतो. हात थांबला, की गोळा एका अंगास ओघळतो. तापलेल्या पेल्यावर रंगीत काचेचे धागे चिकटवून नक्षी साधतात.

खरी कसोटी पुढेच असते. उघड्या हवेत काचेचा बाहेरील थर आधी आकसतो व आत ताण राहतो. म्हणून पेला सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश निववितात. घाईने बाहेर काढलेला पेला पुढे कधीतरी फडताळात ठेवल्या जागीच तडकतो.