मळेल मशीन, थापेल हात!

कल्याणहून मुरबाडची एसटी पकडा, नाहीतर लोकलने आसनगावला उतरून शहापूर गाठा. पोटात कावळे ओरडायला लागले की आपले डोळे एकच पाटी शोधतात, ‘तांदळाची भाकरी मिळेल’. पांढरीशुभ्र, पातळ, टम्म फुगलेली भाकरी आणि सोबत सुकट किंवा वालाचं बिरडं. आपण पाच मिनिटांत ताट साफ करतो. पण त्या भाकरीमागची मेहनत कधी बघितलीये?

गव्हाच्या कणकेला ताण येतो तो ग्लूटेनमुळे. तांदळात ते नसतंच. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची. उष्णतेने स्टार्च फुगतो आणि पिठाला चिकटपणा येतो. पण ही उकड गरम असतानाच मळावी लागते. हात पोळतात, खांदे भरून येतात.

आता जरा हिशोब करू. समजा, तुमच्या काकूची किन्हवलीला छोटी खानावळ आहे. दुपारी ६० ताटं जातात, ताटात दोन भाकऱ्या. म्हणजे १२० भाकऱ्या! एकीला फक्त दोन मिनिटं धरली, तरी एका तव्यावर सलग ४ तास. उकड काढणं-मळणं वेगळंच. मग काकूने मशीन घ्यावं का? आणि घेतलं, तर ती भाकरी ‘गावठी’ राहील का?

गंमत म्हणजे हाच प्रश्न जपानमध्ये सुशीवाल्यांना पडला होता. १९७० च्या दशकात तिथे भात खाणं कमी होत होतं आणि सरकार शेतकऱ्यांना भातशेती कमी करायला सांगत होतं. मिठाईची मशीन्स बनवणाऱ्या ‘सुझुमो’ कंपनीचे किसाकू सुझुकी यांना ते पटेना. सुशी स्वस्त झाली तर लोक भात जास्त खातील, असा त्यांचा विचार. १९८१ मध्ये त्यांनी सुशीसाठी भाताचे गोळे वळणारं मशीन बाजारात आणलं. कारागीर मंडळी हसली असतील, रागावलीही असतील. पण मशीनने सगळं काम बळकावलं नाही. आज कितीतरी दुकानांत तांदूळ धुणं, शिजवणं, भातात व्हिनेगर मिसळणं, गोळे वळणं मशीन करतं. मासा निवडणं, कापणं, तो भातावर बसवणं मात्र माणसाच्या हातात आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. एकेकाळी पहाटे जात्यावर दळण व्हायचं. मग गिरणी आली, घरघंटी आली. गिरणीतलं पीठ म्हणून आजीने भाकरीला नावं ठेवली का? आपल्या लिज्जतचंच बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज उद्योग एवढा मोठा झालाय, तरी पीठ केंद्रावरून घरी न्यायचं आणि पापड हातानेच लाटायचा, ही पद्धत टिकली आहे.

मग काकूच्या खानावळीत वाटणी कशी करायची? मळण्याचं काम मशीनला द्या. त्यात फक्त ताकद लागते. पाणी किती, हे मात्र काकूच ठरवणार. नवा तांदूळ कमी पाणी घेतो, जुना जास्त. पीठ बोटांत धरलं की तिला कळतं. थापताना कड जाड राहिली, वरून पाणी फिरवायला उशीर झाला, तर भाकरी फुगत नाही. ही नजर मशीनला कुठून येणार?

आणखी एक गोष्ट. अशा खानावळीत भाकऱ्या थापायला गावातलीच एखादी मावशी रोजंदारीवर येते. थापण्या-भाजण्यासकट सगळं मशीनवर गेलं, तर तिचा रोज बुडतो. फक्त मळणं मशीनवर गेलं, तर तिचे खांदे वाचतात आणि रोजही राहतो. म्हणजे कोणतं मशीन घ्यायचं, हा प्रश्न फक्त किमतीचा नाही.

हॉटेल मॅनेजमेंट, इंजिनीअरिंग किंवा बी.कॉम. करणाऱ्यांनो, हा प्रोजेक्ट तुमच्याच गावात आहे. पुढच्या वेळी खानावळीत जाल तेव्हा जरा चुलीपाशी डोकवा. मावशींना विचारा, ‘सगळ्यात जास्त काय दुखतं?’ मशीन कुठे लावायचं, ते त्याच सांगतील.