मालिश, मसाज आणि ‘सुटका’

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी हमखास असते. ‘मसाज पार्लरच्या नावाखाली देहविक्री, चार तरुणींची सुटका’. गाव बदलते. कधी ठाणे, कधी पिंपरी, कधी नाशिक, कधी नागपूर. मजकूर मात्र तोच. बनावट गिऱ्हाईक पाठविले, खुणेच्या नोटा दिल्या, इशारा मिळताच छापा टाकला, व्यवस्थापकास अटक केली, मालक फरार. वाचक चहाचा घोट घेत पान उलटतो. ज्यांची ‘सुटका’ झाली त्या पुढे कोठे गेल्या, हे सांगणारी बातमी आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.

काही महिन्यांपूर्वी अशीच ‘सुटका’ झालेल्या एका मुलीची आई आमच्या कार्यालयात आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. म्हणाली, “जयभीम वकीलसाहेब. पोलीस म्हणत्यात तुमच्या पोरीला आम्ही सोडवलं. सोडवलं तर मग घरी का देत न्हाईत?”

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, पण ते त्या माउलीला सांगताना आमचीच जीभ जड झाली. मुलगी बावीस वर्षांची, बारावी पास. कौशल्य विकासाच्या एका योजनेत तीन महिन्यांचा मसाजचा कोर्स केलेला. आईने पिशवीतून लॅमिनेट केलेले सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवले. चौदा हजार रुपये पगारावर मुलगी एका उपनगरातील स्पामध्ये लागली होती. छापा पडला तेव्हा ती एका वयस्क बाईची मान आणि खांदे करीत होती. ती बाई निघून गेली. मुलगी गाडीत बसविली गेली. एकोणीस दिवस ती सुधारगृहात होती. व्यवस्थापकाला तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला होता.

पुढे भेट झाली तेव्हा मुलीने आमच्यापासून काही लपविले नाही. “सर, आतल्या दोन खोल्यांत काय चालतं ते मला ठाऊक होतं. मी त्या खोल्यांत जायचे नाही. पण दुसरीकडे एवढा पगार कोण देणार?” तिचे हे बोलणे आम्ही मुद्दाम येथे देत आहोत. कारण एका छपराखाली दोन धंदे, एक दर्शनी आणि एक आतला, हीच या व्यवसायाची आजची रीत झाली आहे आणि दर्शनी कामावरच्या मुली या आतल्या धंद्याची ढाल म्हणून वापरल्या जातात.

मालिश ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बाळंतिणीचे अंग चोळणारी आणि तान्ह्या बाळाला पायावर घेऊन तेल लावणारी बाई प्रत्येक गावात होती. नाभिक समाजाच्या हातात तर ही विद्या पिढ्यान् पिढ्या आहे. आणि सुईण? ती बहुतेक ठिकाणी मांगवाड्यातून नाही तर महारवाड्यातून बोलावली जाई. बाळ अडले की तिचा हात चाले, बाळ मोकळे झाले की तिच्या स्पर्शाचा विटाळ होई आणि घरभर गोमूत्र शिंपडले जाई. हात पाहिजे, पण हाताचा माणूस नको, ही या देशाची जुनी खोड आहे. आजच्या वातानुकूलित स्पामध्ये ती गेली आहे असे आम्हांस वाटत नाही.

उपचाराचा मसाज ही मात्र शिकण्याची आणि जबाबदारीची विद्या आहे. थोपटणे, चोळणे, मळणे, दाबणे या हातांच्या हालचालींना एकोणिसाव्या शतकात हॉलंडचे डॉक्टर योहान मेझगर यांनी शिस्त लावली. आपल्याकडे पंचकर्मात स्नेहन, अभ्यंग आहे. जपानमध्ये शतकानुशतके दृष्टिहीन बांधवांनी याच विद्येवर सन्मानाने पोट भरले आणि आपल्याकडेही दृष्टिहीनांना तिचे शिक्षण देण्याचे प्रयत्न झाले आहेत. कंबर, मान, खांदे धरले असतील तर मसाजने काही काळ आराम पडतो; कोणताही मोठा आजार त्याने बरा होत नाही. तसे सांगणारा फसवतो आहे असे खुशाल समजावे. शिकलेला माणूस हात लावण्याआधी विचारतो. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, बाई गरोदर आहे का. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असताना पोटरी चोळली तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून ही चौकशी. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर, आणि नको म्हटले की हात थांबलाच पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी यातले काहीच विचारले जात नाही. तेथे मोबाईलवर मुलींचे फोटो येतात, ‘स्पेशल’ असा मोघम शब्द असतो, दरपत्रक नसते, पावती नसते, आणि आत गेल्यावर भाव ठरतो. गिऱ्हाईकही पुष्कळदा लुटले जाते, पण अब्रूच्या भीतीने तक्रार करीत नाही. त्याची आम्हांला फारशी दया येत नाही. प्रश्न त्या मुलीचा आहे. तिला पगार नाममात्र, बाकी ‘टिप’वर. टिप कशाची, हे न बोलता तिच्यावर सोपविलेले. नाही म्हणाली तर नोकरी गेली, हो म्हणाली तर गुन्ह्याच्या कागदावर तिचे नाव.

हे दोन्ही वेगळे करणारी रेघ कायद्याने ओढायला हवी होती. ती ओढलेलीच नाही. फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्राने २००२ चा परिषद कायदा केला, केंद्राने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. परंतु स्पामध्ये मसाज करणाऱ्याची पात्रता, नोंदणी, कामाच्या अटी ठरविणारा स्वतंत्र कायदा देशपातळीवर नाही. कौशल्य विकासात ‘स्पा थेरपिस्ट’ हा कोर्स आहे, सर्टिफिकेट आहे. पण ते नसले म्हणून कोणाला काम करण्यास मनाई नाही. म्हणजे सरकार एका हाताने मुलींना मसाज शिकविते आणि दुसऱ्या हाताने, मसाज करताना सापडली म्हणून गाडीत बसविते. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार थोडे असतील तर मालकाने ऑनलाइन सूचना दिली की काम भागते. आत काय चालते, कोण बघणार? मालकाला ही संदिग्धता सोयीची आहे आणि हप्ता घेणाऱ्यालाही.

येथे आमच्या वाचकांना झोंबावी अशी एक गोष्ट सांगतो. यातल्या निम्म्या स्पांच्या दारात तथागतांची मूर्ती असते. नुसते मस्तक, पाण्याच्या कारंज्यावर ठेवलेले. पाटीवर ‘थाई’ हा शब्द. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी एके ठिकाणी निवेदन दिले, मूर्ती हलविली गेली, फोटो निघाले. ठीक आहे. परंतु थायलंडमध्ये मसाज शिकणारे विद्यार्थी ज्यांना गुरुस्थानी वंदन करतात ते कोण? राजगृहाचे जीवक. बिंबिसाराचे, भगवान बुद्धांचे आणि भिक्खू संघाचे वैद्य. बँकॉकच्या वाट फो विहारात शरीरातील रेषा आणि बिंदू दाखविणारे शिलालेख आहेत, तेथे १९५५ पासून या विद्येची शाळा चालते, आणि २०१९ साली युनेस्कोने ‘नुआद थाई’ला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. अंगावर सडलेले व्रण घेऊन पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतोच. आजारी देहाला हात लावणे हे आपल्या परंपरेत हीन काम नाही. मूर्तीची विटंबना आपल्याला दिसते. त्या मूर्तीमागच्या खोलीत आपल्याच वस्तीतली मुलगी कोणत्या अटींवर उभी आहे, हे विचारायला मात्र शिष्टमंडळ जात नाही.

थायलंड काही स्वर्ग नाही. बाजारू मसाजसाठी त्या देशाची जगभर बदनामी आहे आणि ती खोटी नाही. तरी त्यांनी कायद्यात दोन कप्पे केले. न्हाऊ घालून मसाज करणारी करमणुकीची ठिकाणे १९६६ च्या कायद्याखाली, आणि आरोग्यासाठीचा मसाज, स्पा हे २०१६ च्या आरोग्य आस्थापना कायद्याखाली. दुसऱ्या कप्प्यात आस्थापनेला परवाना लागतो आणि मसाज करणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. गळती तेथेही होते. पण नोंदणी झालेल्या बाईला आपण कोण आहोत हे दाखवायला कागद असतो, आणि त्या कागदाला किंमत असते.

आपल्याकडे नियम करायचे म्हटले की गाडी एकाच रुळावरून धावते. बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला हात लावायचा नाही! दिल्लीत २०२१ साली असा नियम आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. तामिळनाडूत स्पाच्या आत कॅमेरे लावण्याचा विषय न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने, पुट्टस्वामी निकालातील खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन, संशयावरून असे कॅमेरे लादता येणार नाहीत असे म्हटले. रुग्णालयात परिचारिका पुरुष रुग्णाला अंघोळ घालते, तेथे कोणी कॅमेरा मागत नाही. कारण परिचारिकेची नोंदणी आहे, परिषद आहे, वेतन आहे. प्रश्न स्त्री-पुरुषाचा नसून कामाला प्रतिष्ठा देण्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता छाप्याविषयी. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या देहविक्रीवर जगणे, बाईला त्यात आणणे हे गुन्हे आहेत. कलम १५ प्रमाणे झडतीच्या वेळी प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांत एक तरी स्त्री हवी, आणि सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. आमच्या प्रकरणात दुसरी महिला पोलीस होती की कागदावरच होती, हे उलटतपासणीत कळेल. कलम १७ खाली दंडाधिकारी चौकशीसाठी तीन आठवड्यांपर्यंत मुलीला ठेवू शकतात आणि चौकशीअंती गरज वाटली तर एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात पाठवू शकतात. ‘सोडवलं तर घरी का देत न्हाईत’ याचे उत्तर ते हेच.

२०२० साली मुंबईत अशाच तीन सज्ञान मुलींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले होते. त्यांना मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून ताब्यात घेतले होते. खालच्या न्यायालयाने त्यांचा ताबा आयांना नाकारताना, त्या बेडिया जमातीच्या आहेत आणि त्या जमातीत अशी प्रथा आहे, याची नोंद घेतली होती! जात पाहून आईचे आईपण ठरविले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो आदेश रद्द केला आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही असा निर्वाळा दिला. पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, छाप्यात सापडलेल्या अशा स्त्रियांना अटक, दंड वा छळ करू नये आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये असे निर्देश दिले. तरीही तोंडाला ओढणी बांधून भिंतीकडे वळलेल्या मुलींचे फोटो छापून येतातच.

आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, वकीलसाहेब, तुम्ही तर धंद्याचे समर्थन करू लागलात. नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत ते लाजिरवाणे जिणे सोडून द्या असे कठोरपणे सांगितले होते. त्या उपदेशापासून आम्ही तसूभर हटलेलो नाही. देहविक्रीला इतर धंद्यांसारखा एक धंदा म्हणून गौरविणे आम्हांला जमणार नाही. परंतु बाबासाहेब त्या स्त्रियांशी समोर उभे राहून बोलले. त्यांना पकडून न्या असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. आणि जी मुलगी तो धंदा करीतच नव्हती, तिला आम्ही काय सोडायला सांगणार? मसाज?

स्पामध्ये काम करणाऱ्या भगिनींसाठी दोन कामाच्या गोष्टी. नेमणुकीचे पत्र आणि पगार बँकेत, हे मागून घ्या. छाप्याच्या दिवशी तोच पुरावा उभा राहतो. दुसरे, गिऱ्हाईकाने नको ते मागितले, अंगचटीला आले, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तुम्हांलाही लागू आहे. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या परक्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणे ही त्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी जाता येते. ही समिती आहे हेच पुष्कळांना माहीत नाही. आमच्या मुलीलाही नव्हते, आणि खरे सांगायचे तर तिला कोर्स शिकविणाऱ्या संस्थेनेही ते सांगितलेले नव्हते.

ती मुलगी आता दोन ठिकाणी बाळंतिणींना आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना, त्यांच्या सुनेच्या देखत, मालिश करायला जाते. महिन्याला सहा-सात हजार सुटतात. खटला अजून उभा राहिलेला नाही. दोषारोपपत्रात ती ‘पीडिता क्रमांक ३’ आहे. सर्टिफिकेट आम्ही परत देऊ केले, तेव्हा ते तुमच्याच फाइलमध्ये राहू द्या, घरी नको, असे म्हणाली.