करवसुलीतून कालगणना

कागदावर वर्षाचा आकडा आज आपण सहज लिहितो. प्राचीन रोमन साम्राज्यात मात्र असा सर्वमान्य आकडा नव्हता. त्या त्या वर्षी पदावर असलेल्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे उच्च अधिकाऱ्यांच्या, नावांनी वर्ष ओळखले जाई. दूरच्या प्रांतांत ही नावे कधीकधी उशिरा पोहोचत. शिवाय जुन्या नावांचा क्रम ध्यानात ठेवणेही अवघड असे.

इ. स. २८४ मध्ये डायोक्लेशन सम्राट झाला, तेव्हा नाण्यांचे मोल घसरले होते. सैन्याला धान्य तर हवेच होते. म्हणून त्याच्या कारकिर्दीत कराचा मोठा भाग मालाच्या रूपाने घेतला जाऊ लागला. किती कर द्यावयाचा, याची आज्ञा दरवर्षी निघे. या आज्ञेला लॅटिन भाषेत 'इंडिक्शिओ' म्हणत. पुढे पंधरा वर्षांचे एक करचक्र रूढ झाले. त्याचा आरंभ इ. स. ३१२ च्या सप्टेंबरपासून धरतात.

कॉन्सल कोण, हे शेतकऱ्याला ठाऊक नसले, तरी कराचे वर्ष कितवे, हे त्याला विसरता येत नसे. त्यामुळे पावत्यांवर आणि करारनाम्यांवर करचक्रातील वर्षाचा क्रमांक लिहिण्याची प्रथा पडली. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरील कागदपत्रांत ती दिसते. इ. स. ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायदेशीर दस्तऐवजांवर हा क्रमांक लिहिणे सक्तीचे केले.

हा क्रमांक काढण्याची रीत सोपी आहे. इसवी सनाच्या आकड्यात ३ मिळवून १५ ने भागावे. उरणारी बाकी म्हणजे चक्रातील वर्ष. बाकी शून्य आल्यास पंधरावे वर्ष समजावे. उदाहरणार्थ, ५९१ मध्ये ३ मिळवल्यास ५९४ होतात आणि बाकी ९ उरते. मात्र नवे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असल्याने त्या तारखेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ३ ऐवजी ४ मिळवावे लागतात.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. वर्षाला क्रमांक असे, पण चक्राला नसे. नुसते 'नववे वर्ष' म्हटल्यास ते कोणत्या चक्रातील, हे कळत नाही. म्हणून इतिहासकाराला सम्राटाच्या नावासारखा दुसरा पुरावा शोधावा लागतो.

पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयाला गेल्यावरही युरोपातील दस्तऐवजांवर हा क्रमांक शतकानुशतके लिहिला जात होता. इ. स. १५८३ मध्ये जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने या १५ वर्षांच्या चक्राची १९ वर्षांच्या चांद्रचक्राशी व २८ वर्षांच्या सौरचक्राशी सांगड घालून ७९८० वर्षांचा कालखंड तयार केला. खगोलशास्त्रज्ञ आजही दिवसांची सलग मोजणी त्याच कालखंडाच्या आरंभापासून करतात. धान्याच्या वसुलीसाठी निघालेली आज्ञा अशा रीतीने ताऱ्यांच्या अभ्यासापर्यंत पोहोचली.