नागोबा आपल्या हाताने रंगवावा

श्रावण शुद्ध पंचमी जवळ येऊ लागली की बाजारपेठेच्या तोंडाशी मातीचे नाग घेऊन कुंभार बसतात. कोणी वेटोळे घातलेला एकफणी नाग घेतो, कोणी पंचफणी. कोणाला नाग-नागीण आणि पिले असे सारे कुटुंबच हवे असते. बहुतेक नाग भडक रंगांत न्हालेले असतात. परंतु टोपलीच्या एका कडेला काही नाग अगदी कोरे, मातीच्या स्वाभाविक करड्या रंगाचे ठेवलेले दिसतात. गिऱ्हाइकाची दृष्टी सहसा त्यांच्यावर ठरत नाही. तो कोरा नाग यंदा घरी आणावा आणि घरातील लहानथोरांनी मिळून रंगवावा, अशी वाचकांस विनंती आहे. ज्यांनी आजवर हाती कुंचला धरला नाही, त्यांच्यासाठीच हे चार शब्द लिहिले आहेत.

नागपंचमीची कहाणी आपल्या घराघरांत शतकानुशतके सांगितली जाते. नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मरतात, कोपलेली नागीण शेतकऱ्याच्या सर्व कुटुंबाला दंश करते आणि उरलेल्या एका लेकीच्या शोधात तिच्या सासरी जाते. तेथे तिला काय दिसते? त्या लेकीने पाटावर गंधाने नागकुळे रेखाटली आहेत, लाह्या-दूर्वा वाहिल्या आहेत, दुधाचा नैवेद्य दाखवला आहे. ते पाहून नागिणीचा कोप शांत होतो आणि ती अमृत देते. कीर्तनात ही कथा सांगताना श्रोत्यांचे लक्ष मी नेहमी एका गोष्टीकडे वेधतो. त्या लेकीने नाग पकडून आणविला नव्हता, विकतही घेतला नव्हता. तिने तो स्वतःच्या बोटांनी काढला होता. नागीण प्रसन्न झाली ती त्या रेखाटनावर आणि त्यामागील भावावर.

जिवंत नाग नको

या कथेचा अर्थ विसरल्यामुळे मध्यंतरीच्या काळात आपल्या हातून मोठा अपराध घडत आला. दारी आलेल्या गारुड्याच्या टोपलीतील नागावर हळदकुंकू उधळणे आणि त्याच्या मुखाशी दुधाची वाटी लावणे, याला आपण पूजा म्हणत होतो. त्या मुक्या जिवाचे विषदंत उपटलेले असत, प्रसंगी तोंडही शिवलेले असे, आणि कित्येक दिवस त्याला अन्नपाण्यावाचून ठेवलेले असे. साप हा मांसाहारी जीव. दूध हे त्याचे अन्न नव्हे. तहानेने व्याकूळ होऊन तो ते गिळतो आणि पुष्कळदा त्यातच प्राण सोडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने नागासारख्या सर्पांना अभय दिले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या प्रसिद्ध नागपूजेचा प्रश्नही उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे जिवंत नाग पकडण्यावर निर्बंध आले. धर्माची यात काही हानी झाली असे मला वाटत नाही. उलट, कहाणीतील लेकीचा मार्ग आपल्यासाठी पुन्हा मोकळा झाला. मातीच्या नागाला दुधाचा नैवेद्य खुशाल दाखवावा. त्याने कोणाही जिवाला पीडा होत नाही.

नावांतून रूप

रंगवण्यापूर्वी नागाचे रूप मनात ठसले पाहिजे. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी शब्दांचे भांडार ठेवले आहे. अमरकोशातील सर्पाच्या नावांकडेच पाहा. वेटोळे घालतो म्हणून तो कुंडली. फणा पळीसारखा पसरतो म्हणून दर्वीकर. पाय दिसत नाहीत म्हणून गूढपाद. कान दिसत नाहीत, जणू डोळ्यांनीच ऐकतो, म्हणून चक्षुःश्रवा. आणि वारा भक्षण करतो अशी समजूत होती म्हणून पवनाशन. दुधाचा उल्लेख येथेही नाही, हे ध्यानात घ्यावे. एवढी नावे मुलांना समजावून सांगितली की नाग कसा रंगवावा याचे अर्धे शिक्षण झाले. वेटोळ्यांची वळणे ठळक दिसावीत, फणा पळीसारखा रुंद वाटावा, कान काढू नयेत, आणि सारे तेज डोळ्यांत यावे.

पूर्वतयारी

नाग पंचमीच्या आठ-दहा दिवस आधी आणावा. शाडूचा किंवा साध्या मातीचा, न भाजलेला असावा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा घेऊ नये, कारण तो पाण्यात विरत नाही. श्रावणातील हवा दमट असते. म्हणून नाग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पाटावर जुने वर्तमानपत्र घालून ठेवावा आणि रोज थोडा फिरवावा. घाईने उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास वरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. माती वाळली की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी : हाताची मागची बाजू नागाला टेकवावी. गार लागले तर आत ओल आहे. वाळलेली माती रंगानेही फिकी दिसते.

वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवून उंचवटे काढावेत आणि कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. लहान तडा असल्यास त्याच मातीचा पातळ लेप बोटाने भरावा व पुन्हा वाळू द्यावा. ही सर्व कामे चतुर्थीपूर्वी उरकावीत. पंचमीला खणणे, चिरणे, नांगरणे आपल्याकडे वर्ज्य मानले आहे. त्या दिवशी मूर्तीवर घासाघीस नको.

रंग कोणते घ्यावेत

चार रंग पुरेत : पांढऱ्यासाठी शंखजिरे, पिवळ्यासाठी पिवडी, तांबड्यासाठी गेरू आणि काळ्यासाठी दिव्याची काजळी. खऱ्या नागाचा रंग गव्हाळ, तपकिरी किंवा काळा असतो आणि तो या चारांच्या मिश्रणातून सहज साधतो. पिवडीत चिमूटभर गेरू घातला की गव्हाळ. त्यात किंचित काजळी मिसळली की तपकिरी. हिरव्या-निळ्याची आवश्यकता नाही.

रंग मातीला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक लागतो. चमचाभर डिंक वाटीभर पाण्यात रात्री भिजत घालावा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा. या पाण्यात रंगाची पूड कालवावी. पूड उडून मुलांच्या नाकातोंडात जाणार नाही इतके जपावे. काजळी पाण्यावर तरंगते, लवकर मिसळत नाही. ती आधी डिंकाच्या दोन थेंबांत घोटून मग पातळ करावी. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर रंग चकाकतो आणि भेगाळतो. म्हणून त्याच मातीची एक गोळी वाळवून ठेवावी आणि प्रत्येक रंग आधी तिच्यावर लावून पाहावा. हळद वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु ती उजेडाने विटते आणि चुन्याचा स्पर्श झाला की लाल होते. ती पूजेच्या तबकातच शोभते.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हरताळ, हिंगूळ, सिंदूर या रंगद्रव्यांचा उल्लेख येतो. तो काळ आणि ते जाणते कारागीर निराळे. हरताळात सोमल असतो, हिंगुळात पारा आणि पारंपरिक शेंदरात शिसे. मुले ज्या कामात हात घालणार आणि जी मूर्ती पाण्यात विरणार, तिला ही द्रव्ये लावू नयेत. तैलरंग, चकाकीचे रंग आणि वरून लावायचे रोगणही नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली दिलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या मूर्तिविसर्जनाच्या सूचनांतही नैसर्गिक माती आणि निर्विष रंग यांचाच आग्रह आहे.

कुंचला कसा चालवावा

नवशिक्याची गफलत बहुधा एकाच ठिकाणी होते : कुंचला फार ओला असतो. न भाजलेली माती पाणी लागताच पुन्हा चिखल होऊ पाहते. तेव्हा रंग ताकासारखा दाट ठेवावा, कुंचला वाटीच्या काठावर निथळावा आणि एकाच दिशेने एकदाच फिरवावा. मागेपुढे घासल्यास खालची माती सुटून रंगात येते. कुठे जागा राहिली तर ती लगेच भरू नये. पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा.

प्रथम शंखजिऱ्याचा पातळ हात सर्वांगावर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. यामुळे पुढचे रंग उठून दिसतात. नंतर मोठ्या कुंचल्याने गव्हाळ रंग द्यावा. फिकट रंग आधी, गडद रंग मागाहून, हा नियम कधी मोडू नये. काळ्यावर पांढरा चढविणे कठीण असते. वेटोळ्यांच्या खाचांत थोडा तपकिरी रंग भरला की वळणे आपोआप उठावदार दिसतात. खवल्यांसाठी आगपेटीतील काडीचे मागचे टोक रंगात बुडवून ओळीने ठिपके द्यावेत. एका ओळीतील ठिपके दुसऱ्या ओळीच्या मधल्या जागेत यावेत. नाग पंचफणी असल्यास उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडच्या फण्यापासून आरंभ करावा, म्हणजे ओल्या रंगावर मनगट घासले जात नाही. मूर्ती नेहमी बैठकीला धरून फिरवावी, फण्याला धरू नये.

फण्यावरील दहाच्या आकड्याविषयी मुले हमखास विचारतात. हे चिन्ह खऱ्या नागाच्या फण्याच्या मागील बाजूस असते. पुढील बाजू फिकट असून तिच्यावर दोन काळसर ठिपके आणि खाली गडद आडवे पट्टे दिसतात. कुंभार पुष्कळदा आकडा पुढेच काढतात, कारण पूजा करणाऱ्याला तो दिसावा. घरी रंगवताना तो मागे काढावा आणि मुलांना भागवताच्या दशम स्कंधातील कालियाची कथा सांगावी. कृष्णाच्या चरणांच्या खुणा मस्तकी असल्यामुळे गरुड तुला भक्षण करणार नाही, असे अभय कालियाला मिळाले. ज्याला यमुनेतून घालवले त्यालाही देवाने मारले नाही, हे मुलांच्या मनात या निमित्ताने उतरते.

डोळे शेवटी

सर्व रंग वाळल्यावर, चित्त स्थिर असताना, डोळे काढावेत. आपल्या शिल्पपरंपरेत मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाला स्वतंत्र विधीचे स्थान आहे. गंमत अशी की दूरच्या चीन देशातही हाच भाव आढळतो. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘नाग’ या संस्कृत शब्दासाठी तेथील पंडितांनी ‘लोंग’, म्हणजे ड्रॅगन, हा शब्द योजला. आचार्य नागार्जुनांच्या चिनी नावातही तोच शब्द आहे. सहाव्या शतकातील चांग सेंग-याव या चित्रकाराविषयी अशी आख्यायिका आहे की, त्याने मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन रंगवले, पण डोळे काढले नाहीत. लोकांच्या आग्रहावरून दोघांना डोळे काढताच ते दोघे भिंत फोडून आकाशात निघून गेले. डोळ्यांनी मूर्ती सजीव होते, ही जाण दोन्ही संस्कृतींत आहे.

नागाला पापण्या नसतात आणि त्याची बाहुली गोल असते. म्हणून काजळीचा एक गोल, स्वच्छ ठिपका द्यावा. तो वाळल्यावर काडीच्या टोकाने त्यात पांढऱ्याचा सूक्ष्म बिंदू ठेवावा. भुवया चढवून क्रोध दाखवू नये. आपण घरी बोलावतो तो रक्षणकर्ता. त्याची दृष्टी शांत असावी. जिभेसाठी गेरूची दोन टोकांची बारीक रेघ पुरे.

रेघ वाकडी गेली, ठिपका पसरला, तर मुलांवर रागावू नये. बाजारातील सारे नाग एकाच साच्याचे दिसतात. घरचा नाग मात्र वर्षानुवर्षे आठवतो, आणि तोही बहुधा त्या वाकड्या रेघेमुळेच. शिवाय तीन दिवस नागाकडे इतक्या जवळून पाहिलेले मूल पुढे शेताच्या बांधावर साप दिसला की काठी शोधणार नाही. दूर उभे राहून त्याला वाट देईल, सर्पमित्राला बोलावील. ही पूजा वर्षभर टिकणारी आहे.

पंचमीला दूर्वा, आघाडा, लाह्या वाहून, दिंडांचा नैवेद्य दाखवून नागोबाची पूजा करावी. विसर्जनासाठी नदीवर जाण्याचीही गरज नाही. घरीच बादलीभर पाण्यात मूर्ती ठेवावी. माती हळूहळू विरघळते, आणि गेरू-पिवडी तर मूळची मातीच. ते पाणी तुळशीवृंदावनात किंवा झाडाच्या बुंध्याशी घालावे. मातीतून आलेला नाग आपल्या अंगणातील मातीत परत जातो. तो शेतीभातीचे, लेकीबाळींचे आणि त्यांच्या भावांचे रक्षण करो, हीच नागदेवतेच्या चरणी प्रार्थना.