घरची हिरवळ – ५ : लव्हाळा उपटू नका

मागच्या भागात लॉन किती उंचीवर कापायचं ते पाहिलं. कापून दोन दिवस झाले की सकाळी एक फेरी मारा. हरळी जेमतेम सावरलेली असते, पण तिच्यातून मधूनच गडद, चकचकीत पाती दोन-दोन बोटं वर आलेली दिसतील. त्यातल्या एखाद्याला फुलोऱ्याची दांडी असेल तर ती चिमटीत धरून फिरवा. तीन कडा बोटांना लागल्या की समजा, हा लव्हाळा. गवताच्या दांडीला अशा कडा नसतात. हा मुळात गवतच नाही.

१९७७ साली लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा. आणि दुसरा? हरळीचा! जी आपण बंगल्यापुढे पैसे मोजून लावतो, जिच्या दुर्वा गणपतीला वाहतो आणि जी काळ्या रानात शिरली की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, तीच ही. आपल्या अंगणात अशी जगातल्या दोन मातब्बरांची कुस्ती लागलेली असते, आणि आपण दुसऱ्या नंबरच्या बाजूने.

लव्हाळ्याची खरी ताकद मातीखाली. तिथे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या काळपट गाठी बारीक, चिवट दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. (हाच नागरमोथा, दिवाळीच्या उटण्याला त्याचा वास असतो.) साखळीतली एक गाठ उगवलेली असेल तोवर तिच्यामागच्या बऱ्याचशा निजून असतात. आपण हिसका दिला की पातं हातात येतं, दोरा तुटतो आणि मागच्या जाग्या होतात. माळीकाकांनी आज साफ केलेल्या जागी पंधरा दिवसांनी दुप्पट लव्हाळा दिसतो तो यामुळे.

म्हणून उपटायचा नाही, खणायचा. पाऊस उघडून जमीन वाफशावर आली की खुरपं पात्याच्या बाजूने वीतभर खोल घालायचं आणि गाठीसकट उचलायचं. बहुतेक गाठी तेवढ्याच खोलीत सापडतात. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, तेव्हा ही खुरपणी त्याच्या आत व्हायला हवी. महिन्यातून एकदा माणूस लावून भागत नाही. एका पावसाळ्यात हे संपेल अशी आशाही ठेवू नका.

दुसरीकडे हरळीला बळ द्या. ती दाट असेल तर लव्हाळ्याला ऊन मिळत नाही, आणि सावलीत तो खंगतो. वाढीच्या दिवसांत चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया, वर लगेच पाणी. रोज संध्याकाळी पाइप धरून पाच मिनिटं शिंपडणं मात्र बंद करा. वरचा थर सतत ओला राहिला की लव्हाळ्याचं फावतं. पाणी चार दिवसांनी द्या, पण खोलवर मुरेल असं.

औषधांबद्दल थोडक्यात. २,४-डी रुंद पानांच्या तणांसाठी, लव्हाळा त्याला फारसं जुमानत नाही. ग्लायफोसेटने हरळीही जाईल. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात आणि हरळी ते सोसते. पण घरच्या लॉनवर मारण्याआधी कृषी अधिकाऱ्याला विचारा.

नवं लॉन करणाऱ्यांचं काम त्या मानाने सोपं. एप्रिल-मेमध्ये जागा खणून कोरडीच तापू द्या. वाळलेली गाठ मरते. मग एकदा पाणी देऊन उरलंसुरलं उगवू द्या, ते काढा आणि त्यानंतरच हरळी लावा. एवढं करून पुढे ट्रॉलीभर तांबडी माती डोळे झाकून ओतून घेतलीत तर सगळी मेहनत पाण्यात, कारण बहुतेक बंगल्यांत लव्हाळा येतो तो याच मातीतून.

पुढच्या आठवड्यात आंबुशी. तोवर माती मागवणार असाल तर नर्सरीवाल्याला आधीच सांगून ठेवा : दोन घमेली चाळून बघू, गाठी निघाल्या तर ट्रॉली परत.